अठ्ठावीस अंगठे आणि सदर जलाशय

मु. पो. आपलं गाव, तालुका वडसा
१२ मे १९९८

ती. वामनराव भाऊजींच्या सेवेशी हरिदासचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला यांपैकी सध्या कोण पुढे आहे ते कळवावे. इकडे आम्ही आहोत; खुशाल आहोत असं मात्र लिहवत नाही.

मागच्या वर्षी आपल्या मच्छीमार संस्थेचा तलावाच्या ठेक्याचा अर्ज तेव्हाच्या सचिवानं, देवानंदानं, लिहिला होता. तो कचेरीतून लाल शाईनं रंगून परत आला. शब्दाशब्दाला चूक, वाक्याला ना बूड ना शेंडा. दुरुस्तीत दोन महिने गेले, मासोळीचं बीज टाकायचा हंगाम गेला, आणि अठ्ठावीस घरं वर्षभर दुसऱ्याच्या धानात राबली. म्हणून यंदा मी सचिव. (दहावीला मला मराठीत अठ्ठ्याहत्तर गुण होते हे अध्यक्ष सोमाजी भाऊंना कोणी सांगितलं ते विचारू नका. मीच सांगितलं.) मी सगळ्यांना बजावलं की अशुद्ध लिहिणाऱ्याला साहेब अडाणी समजतो आणि अडाण्याचा कागद गठ्ठ्याच्या तळाशी ठेवतो. चुकीचं बोललो का?

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे: आधी अंगठे, मजकूर मागाहून. उन्हाळ्यात कोणी तेंदूपानाला जातं, कोणी वीटभट्टीवर. म्हणून माणसं सापडतील त्या दिवशी कोऱ्या कागदाच्या खालच्या अर्ध्यात अंगठे उमटवून मोकळी होतात. वरच्या अर्ध्यात मी सगळं बसवायचं, तेही खाडाखोड न करता. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. कच्चे खर्डे अकरा झाले. बायकोनं, प्रेमिलानं, दोनदा जेवायला हाक मारली तर मी तिच्या वाक्यातली चूक काढली. (तिसऱ्यांदा हाक आली नाही.) शेवटी अर्ज झाला. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, एकही स्वल्पविराम उपाशी नाही.

काल बैठकीत वाचून दाखवला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावले. मग सोमाजी भाऊंनी विडी विझवली आणि म्हणाले, "सगडं बराबर हाय गा. पर तलाव कोन्ता?"

भाऊजी, गावात तलाव तीन. मी 'सदर जलाशय' असं नऊ वेळा लिहिलं आणि उमरी तलावाचं नाव एकदाही नाही. कागदावर मुंगी शिरायला जागा उरलेली नाही. मुदत येत्या सोमवारी संपते आणि बाहेरचा ठेकेदार टपून बसलाय. मला फार लाज वाटली. त्या भरात मी देवानंदावरच ओरडलो, ज्याचा यात काही संबंध नव्हता.

आपला,
हरिदास

ता. क. शेजारचा सुकलू उद्या तिकडे निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक कोरा कागद देतो. आपले सहा सभासद तुमच्या बल्लारपूरकडच्या वीटभट्टीवर आहेत. गुडघा सांभाळून त्यांचे अंगठे घ्यावे आणि रविवारच्या एसटीनं कागद घेऊन यावं. इकडचे बावीस मी बघतो. पुन्हा अंगठा कशाला असं कोणी विचारलं तर शाई सांडली म्हणा.

ता. क. दुसरा. शाईचं म्हणू नका. पाकीट चिकटवायच्या आत सोमाजी भाऊ आले आणि त्यांनी पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, "खरं सांग त्याईले. अन् आता आंदी लिव, मंग वाचून दाखव, मंग आंगठा." त्यामुळे पाकिटात कोरा कागद नाही, लिहिलेला अर्ज आहे. पहिल्या ओळीत उमरी तलाव, खाली पहिला अंगठा सोमाजी भाऊंचा. भट्टीवर तो वाचून दाखवल्याशिवाय कोणाचा अंगठा घेऊ नये. मजकूर सगळा त्यांनी सांगितला. शुद्धलेखन तेवढं माझं.