कोनाड्यातल्या ग्लासाचा जोडीदार

प्रिय आई,

आज नातीनं तुझी काचेची फळी पुसायला काढली आणि द्राक्षवेलीच्या नक्षीचे ते दोन ग्लास हातात धरून विचारलं, "आजी, यातला कोनाड्यातला कोणता?" मला सांगता आलं नाही. म्हणून तू नसलीस तरी तुलाच लिहायला बसले. कोणता कुठला हे जन्मभर आमच्यापासून लपवलंस, बरं केलं नाहीस.

वलगावला पाटलांच्या शेतात तू निंदायला जायचीस. त्यांच्या ओसरीच्या कोनाड्यात आपल्या जातीच्या माणसांसाठी एक ग्लास वेगळा ठेवलेला असे. घरातल्या पितळेला आपला हात लागायला नको ना! चहा पिऊन तो तूच विसळायचीस आणि दगडावर उपडा घालायचीस. विसळता विसळता त्यावरची वेल तुला पाठ झाली. अपमान गिळता गिळता नक्षी शिकणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

पुढे आपण बौद्ध झालो, बाबांना अकोल्यात सरकारी नोकरी लागली आणि तुला जुन्या काचेचा नादच लागला. एसटीनं थेट अचलपूरच्या बाजारात जायचीस. साच्याच्या जोडाची रेघ, बुडावर उठवलेली चांदणी, वापरून झालेली झीज, सगळं चाचपून जुना माल हुडकायचीस. "काच डोयानं नाही, बोटानं पाह्यतात," म्हणायचीस. बाबा हसायचे, "लोक सोनं पारखतात, आमची बाई गिलास पारखून रायली."

तिथंच एकदा तुला हुबेहूब तीच वेल असलेला ग्लास सापडला. मी तेव्हा मॅट्रिकला, डोकं तापट. "त्या कोनाड्याची आठवण घरात काहून आणली?" म्हणून भांडले. तू एवढंच म्हणालीस, "गिलासाचा काय गुन्हा?" त्या भांडणाची मला अजून लाज वाटते.

मग पाटलीणबाई दवाखान्याच्या कामानं अकोल्याला आल्या आणि आपल्या दारात उभ्या राहिल्या. तू त्यांना खाटेवर बसवलंस आणि नेमक्या त्याच ग्लासात चहा पुढे केलास. आता या उठून गेल्या तर?

"सुभद्रे, हा त आमच्या कोनाड्यातला."

"नाही बाई, त्याचा जोडीदार हाये. आमच्या घरी सगळे एकाच फयीवर रायतात."

त्यांनी ग्लास उचलला. मग प्यायल्या, पार तळापर्यंत. पुढच्या खेपेला पदराआडून कोनाड्यातला ग्लास काढून त्यांनी तुझ्या हातात दिला. तू तो धुऊन जोडीदाराशेजारी ठेवलास.

रोज चहा गाळण्याआधी तू दोन्ही ग्लासांच्या कडेवरून बोट फिरवायचीस. आम्हाला वाटायचं, धूळ पुसतेस. आज इथवर लिहून उठले, डोळे मिटले आणि तसंच बोट फिरवलं. एकाची कड गुळगुळीत. दुसऱ्याची खरखरीत, वर्षानुवर्षं दगडावर उपडी पडून झिजलेली.

म्हणजे तू ओळखत होतीस. गुळगुळीत पाहुण्याला द्यायचीस आणि खरखरीत स्वतःला ठेवायचीस. ती कड आमच्या कुणाच्या ओठाला लागू नये म्हणूनच ना गं?

नातीला आता सगळं सांगेन. दोन्ही ग्लास एकाच फळीवर राहतील आणि पाहुण्याला गुळगुळीतच मिळेल. उद्या सकाळचा माझा चहा मात्र खरखरीत ग्लासात.

तुझी,
सुमन