आत्याबाई, टीव्ही बंद केला

आत्याबाई, दिवाळी झाली आणि मी घरातला टीव्ही बंद केला. बिघडला नव्हता, चांगला चालत होता. डिशचं रिचार्ज संपलं, पडद्यावर पैसे भरा म्हणून पाटी आली आणि तुमचा लेक म्हणाला, उद्या भरतो. मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही असता तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. सात वाजले की मळलेलं पीठ परातीत झाकून टीव्हीपुढं बसणारी बाई ती हीच का, असं वाटलं असतं तुम्हाला. पण खरं सांगते, कुणी बघतच नव्हतं. तुमचा लेक जेवण झालं की मोबाईलवर कुस्त्या आणि डाळिंबाचे भाव बघतो. तुमचा नातू, माझा लेक, बारामतीच्या कंपनीतून येतो आणि पलंगावर पडून क्रिकेट बघतो. नातसून कानात ती मोबाईलची गाण्याची बोंडं घालून ओट्यापाशी उभी असते. बाहेरच्या खोलीत टीव्ही आपला एकटाच ओरडतोय आणि त्याच्यापुढं मी एकटी. पंगती उठल्यावरही मांडवात वाजंत्री वाजत राहावी तसं ते वाटायचं. म्हणून बंद केला, आणि वर घडी घातलेली चादर टाकली.

तुम्हाला आठवत असेल, मी कळसला या घरात नांदायला आले तेव्हा आपण दोघी बोलायचोच नाही. तुम्ही काम सांगायचात, मी व्हय म्हणायची, संपलं. तुम्ही रागीट होतात असं नाही. तुम्हाला बोलायची सवय नव्हती आणि मला तुमची भीती. मग मामंजींनी टीव्ही आणला. बातम्या झाल्या की गडीमाणसं पारावर जायची आणि सातची मालिका आपल्या दोघींची. तुम्ही भिंतीला टेकून पाटावर, मी मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यापाशी. पहिले काही दिवस तर मला कळलंच नाही की तुम्ही टीव्हीशी काय बोलता. मालिकेतली सून न सांगता माहेरी निघाली होती, आणि तुम्ही पडद्याकडं बघत म्हणालात, "जायचं तर जा म्हणावं, पर तोंड लपवून कशापायी जातीस?" मी त्याच दिवशी सकाळी पिशवी भरून माळ्यावर ठेवली होती. नरसिंहपूरची जत्रा होती, माझं माहेर तिकडंच, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. मेथी निवडता निवडता माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी तुम्हीच एसटीला सोडायला आलात.

परत आल्यावर मलाही वाचा फुटली. मालिकेतली सासू तिजोरीला कुलूप लावत होती, आणि तुमच्या कमरेला गूळ-शेंगदाण्याच्या कपाटाची किल्ली होती. मी पडद्याला म्हटलं, "सून काय परकी हाय व्हय, कुलूप लावायला?" आता बसतोय फटका, असं वाटलं. तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलंत आणि पदर तोंडाला लावलात. हसत होतात. सकाळी किल्ली चुलीजवळच्या खिळ्याला टांगलेली. लेकी बोले सुने लागे म्हणतात. तुम्हाला लेक नव्हती, म्हणून तुम्ही टीव्हीला बोलायचात. मी पण तेच शिकले. भाजी खारट झाली, पाहुण्यांसमोर पदर सरकला, दुपारी झोप लागली, सगळी भांडणं आपण त्या पडद्यावरच्या बायकांच्या नावानं केली आणि मिटवलीही. त्या बायकांची नावं तुमच्या कधी ध्यानात राहिली नाहीत. लाल साडीवाली आणि केस मोकळे सोडलेली, एवढ्यावर आपलं भागायचं.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी हा कागद घेतला. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. बारामतीच्या दवाखान्यातून मी रिकाम्या ओटीनं घरी आले. येणारी प्रत्येक बाई सांगायची, रडू नगं, अंगाला बाधतं. अजून वय हाय, हुईल दुसरं. माझ्या आईनंसुद्धा तेच सांगितलं. मग मी रडले नाही. भाकरी थापत राहिले, भांडी घासत राहिले, आणि छातीत सगळं दगडासारखं बसून राहिलं. तुम्ही तर एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, हिला वाईट वाटलं नाही, किंवा हिचा माझ्यावरच राग आहे.

आणि मग ती संध्याकाळ. मालिकेतल्या बाईचं मूल जातं. ती दवाखान्याच्या खाटेवर उठून बसते, शेजारी पाळणा रिकामा. माझ्या हातातली शेंग हातातच राहते. त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस, त्यामुळं मामंजी, तुमचा लेक आणि शेजारचे तात्या असे तिघं घरातच बसलेले. तुम्ही उठता. मामंजींपुढं कधी मान वर न केलेल्या तुम्ही त्यांना सांगता, "तुमी गोठ्याकडं जाऊन बसा जरा. हितं बायकांचं चाललंय." ते तिघं मुकाट उठून जातात. मग तुम्ही दारात बसता, माझ्याकडं पाठ करून, आणि टीव्हीला म्हणता, "रड म्हणावं तिला. पोटातलं गेलंय, रडायचं न्हाय तर काय करायचं? कोण काय म्हणत न्हाय. मी हाय दाराशी." आणि हात लांब करून टीव्हीचा आवाज वाढवता. इतका, की मी किती मोठ्यानं रडले ते गोठ्यापर्यंत गेलं नाही. मालिका संपली, जाहिराती झाल्या, दुसरी मालिका सुरू झाली. तुम्ही मागं वळून बघितलं नाहीत. माझं झाल्यावर नुसतं म्हणालात, आज भाकरी मी टाकते.

तुम्ही गेलात तेव्हा नातू शाळेत होता. आता त्याचं लग्न झालंय. इतकी वर्षं मी सातला एकटी बसत राहिले. अधूनमधून टीव्हीला काहीबाही बोलायची, पण समोरून उत्तर देणारं कुणी नव्हतं, आणि एकटीनं बोलणाऱ्या बाईकडं घरातले कसे बघतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मालिकाही अशा निघाल्या की त्यातल्या बायका झोपताना दागिने काढत नाहीत. त्यांना काय सांगायचं?

टीव्ही बंद करून महिना झाला असेल, मार्गशीर्षात नातसुनेला चौथ्या महिन्यात खाली झालं, पोटातलं गेलं. बारामतीचाच दवाखाना. पोर शिकलेली, शहाणी, माहेर बारामती शहरातलं. घरी आली, मला म्हणाली, "मी ठीक आहे, आई," आणि कानात बोंडं घालून कणीक मळायला लागली. तिचं ते कोरडं तोंड मी बघितलं. ते तोंड मी ओळखत होते, माझंच होतं. नातवानं तिला बारामतीला सिनेमाला नेलं, हॉटेलात नेलं. मी तिला निमगावच्या बाजारात नेलं, बांगड्या भरल्या. खडूनं फरशीवर पट आखला आणि चिंचोके घेऊन अष्टाचंगा शिकवला, तर ती मला मान म्हणून जिंकू द्यायची. आत्याबाई, तिला सरळ पुढ्यात बसवून रड गं पोरी म्हणायला माझी जीभच रेटेना. तुमच्या हाताखाली तयार झालेली मी, मला समोरच्या माणसाशी बोलायला शिकवलं कुणी? आणि मधे ठेवायला टीव्ही नाही, तो मी आपल्या हातानं बंद केलेला. एक दिवस तर असंही मनात आलं, की रिचार्ज भरावं आणि कुठल्या मालिकेत कुणाचं मूल मरतंय का ते शोधावं. अशी माझी अक्कल.

पौषात तुरीच्या शेंगा सोलायला बसलो होतो. तिच्या बोंडांचं चार्जिंग संपलेलं, म्हणून कान मोकळे. तिनं सहज विचारलं, आई, तुम्ही पूर्वी टीव्हीवर काय बघायचा? मी म्हटलं, एक मालिका होती, आणि सांगायला लागले. सांगायची होती सातची मालिका, पण तोंडातून आलं ते हे घर. एक सासू, बोलायची सवय नसलेली. एक सून, भित्री. घराला मी मोठा जिना लावला, कारण जिन्याशिवाय मालिका कसली. तुम्हाला जरीकाठाची साडी नेसवली, रागावू नका. पिशवी माळ्यावर लपवलेली सांगितली तेव्हा पोर हसली, कितीतरी दिवसांनी. मग, आई? मी म्हटलं, आता उद्या. दुसऱ्या दिवशी सातला ती आपणहून शेंगांची पाटी घेऊन आली, बोंडं टेबलावर ठेवून. तेव्हापासून रोज चालू आहे. तुमचा लेकही जवळ येऊन बसतो, मोबाईल बघतोय असं दाखवत, आणि सासूनं किल्ली दिली का म्हणून विचारतो. नातसुनेनं मोबाईलवर ती मालिका शोधून बघितली. सापडत नाही म्हणाली. म्हटलं, जुनी आहे.

दवाखान्याचा भाग मी टाळत राहिले. रोज काहीतरी मधेच घालायची, कधी पाहुणे, कधी म्हैस व्याली. परवा मात्र घालायला काही उरलं नाही. मी तुमच्या लेकाला म्हटलं, तुम्ही जरा बाहेर बसा. तो उठला, दार ओढून गेला. मग मी सांगितलं. पाळणा सांगितला, तिघांना गोठ्याकडं घालवलेलं सांगितलं, आणि तुमचं बोलणं तुमच्याच शब्दांत सांगितलं, रड म्हणावं तिला. मी शेंगांकडंच बघत होते. तिचे हात थांबले. आधी नुसता श्वास ऐकू आला आणि मग ती रडायला लागली, आत्याबाई, जनावर हंबरावं तशी. बाहेर तुमचा लेक, ओसरीवर नातू. वाढवायला टीव्हीचा आवाज नव्हता. मी उठले, तिच्याकडं पाठ केली, मिक्सरमधे शेंगदाणे ओतले आणि बटण दाबून उभी राहिले. कुटाला पार तेल सुटलं तरी मी बोट उचललं नाही.

मिक्सर थांबला तेव्हा तिनं नाक पुसलं होतं. शेंगा परत हातात घेतल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, त्या सुनेनं पुढं कधी सासूला सांगितलं का? की तुम्ही त्या दिवशी दाराशी बसला म्हणून मी जगले?"

मी म्हटलं, "सांगितलं की. दुसऱ्याच दिवशी, पायाला हात लावून."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि शेंगा सोलायला लागली.

हा कागद मी कुठं पाठवणार? सातला ती पाटी घेऊन येईल, त्याच्या आत चुलीत जाईल. जिना आणि जरीकाठ मी वरवरचे लावले होते, शोभेपुरते. त्या सगळ्या मालिकेत खोटं म्हणावं असं मी तिला एकच सांगितलं, ते पायाला हात लावल्याचं.