डाव्या हाताला रजा

१ फेब्रुवारी, सकाळी
मी स्वतः आखलेलं घड्याळाचं यंत्र आज मनगटावर चढलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घड्याळांच्या आतल्या कडा जेन्शन या डोंगरी झुडपाच्या काडीने घासून चमकवल्या. आता बस्स. महिनाभर वेळ नीट दाखवली की कारखाना माझं यंत्र बनवणार आणि माझी त्या टेबलापासून सुटका. नाही दाखवली, तर पेन्शनपर्यंत तीच काडी. पण तो प्रश्नच नाही.
डायरेक्टर मस्यू मेलान म्हणाले, अधूनमधून चावी द्या हवं तर. मी म्हटलं, हॅट! माझा रोटर, हात हलला की आत फिरणारी ती चकती, इतका हलका की घालणाऱ्याच्या श्वासावर फिरेल, चावी आपोआप बसेल. चावीला लाखेचं सील लावायला मीच लावलं. रजाही टाकली.

३ फेब्रुवारी
लोझानहून फोन. आमच्या लेकीला, कोरालिनला मुलगी झाली! आजोबा झालो. डोळे भरून आले. उजव्या हाताने पुसले.
जोझियान लगेच दोन दिवसांसाठी निघाली. मला म्हणाली, चल की. आता बायकोला काय सांगायचं! उत्तम यंत्र उभं, आडवं, पालथं कसंही ठेवा, वेळ तीच दाखवतं. माझं दाखवतं. तरी आगगाडीचे हादरे उगाच कशाला? परीक्षा संपली की पहिल्या गाडीने नातीकडे. ठरलं म्हणजे ठरलं.

६ फेब्रुवारी
दारातला बर्फ काढला. घड्याळ तीन सेकंद पुढे! फावडं बंद. यापुढे जोझियान काढेल, तिला मोकळी हवा मानवते.

९ फेब्रुवारी
मेहुणा गास्तों पत्ते कुटायला आला. आमच्याकडे हुकूम टेबलावर आपटूनच टाकतात. मी अलगद ठेवला. म्हणतो कसा, दाजी, पत्ते टाकताय की अंडी मांडताय? आणि टेबल हलेपर्यंत हसला.
दोन सेकंद मागे. कारण: गास्तों. पत्ते बंद.

१३ फेब्रुवारी
आठ सेकंद मागे. कारण: खोकला. डावा हात उशीवर ठेवला, वर लोकरी शाल.
डबीतलं मऊ चीज एका हाताने खाता येतं. सॉसेजला मात्र जोझियान लागते. तुकडे करून देताना म्हणाली, तिकडे नात, इकडे तू. ती निदान हात तरी हलवते.

१७ फेब्रुवारी
तेवीस सेकंद मागे. जोझियान म्हणते, अरे हात हलव जरा, त्या घड्याळाला चावीच बसत नसेल. पोस्टात तिकिटं विकणारी बाई मला रोटर शिकवते! शांतपणे श्वासाचं तत्त्व समजावलं. तर म्हणे, मग श्वास तरी जोरात घे.
उपाय: आणखी स्थिर बसणे.

२० फेब्रुवारी
कोरालिनचा फोन. बाबा, सगळे येऊन गेले, तुम्ही कधी येताय? तिला रडू फुटलं. मलाही फार भरून आलं. पण हुंदक्याने खांदा हलतो. गिळला.

२२ फेब्रुवारी
रोज वेळ ताडून बघणं बंद. फोन घ्यायला वाकावं लागतं, शाल सरकते. उत्तम यंत्रावर विश्वास ठेवावा.
तलाव गोठलाय. खिडकीतून अख्खं गाव घसरताना दिसतं, हात फेकत, आरडाओरडा करत. त्यांच्या घड्याळांची कीव येते. मला जरा कोंडल्यासारखं वाटतं, पण ते हवेमुळे.

२८ फेब्रुवारी
मेलान घरी आले. शाल बाजूला केली.
घड्याळ बंद. चार वीस. कुठल्या दिवसाचे, कोण सांगणार? मेलान म्हणाले, सील मात्र शाबूत आहे हो. मग विचारलं, मस्यू कॅप्ट, तुम्ही शेवटचं काही केलंत ते कधी?
मी कारणं सांगायला तोंड उघडलं, तोवर जोझियानने घड्याळ काढून स्वतःच्या हाताला बांधलं आणि फावडं घेऊन बाहेर गेली. चिडली की ती असाच बर्फ काढते. परत आली तेव्हा टिकटिक चालू.
परीक्षेला आणखी एक महिना मिळाला. घड्याळ राहणार तिच्या हातावर. मी उद्यापासून पुन्हा टेबलावर. जाता जाता मेलान प्रेमाने म्हणाले, पास झालं तर या यंत्राच्या कडा तुम्हीच घासायच्या हं, असा हात दुसऱ्या कोणाचा नाही.
डावा हात कोपरात उघडत नाही.

६ मार्च, रविवार
रोज एक सेकंद पुढे. त्याच हाताने ती कणीक मळते, टपालाच्या पिशव्या उचलते. घड्याळ घातलंय हे विसरूनच जाते म्हणे. यंत्र उत्तम आहे हे मी आधीच म्हटलं होतं.
आज दोघांनी लोझानला जायचं होतं. मी कोटसुद्धा चढवला, एका बाहीने. तेवढ्यात कोरालिनचा निरोप आला. बाबांना म्हणावं, बाळ नाजूक आहे, हादरे नकोत, महिनाभर थांबा.
जोझियान एकटीच जाऊन आली. पोरगी तिच्या मनगटाला कान लावून झोपली म्हणे.
घड्याळ नातीला भेटून आलं.