पुलातला बर्फ

व्हरमाँट, जानेवारी १९३१

लेलंड भावजी,

काल तुम्ही म्हणालात, "वहिनी, दादाला मोटारीतूनच नेऊ. पुलात बर्फ कोण पसरतंय आता?" त्याचं उत्तर इथे लिहिते.

लाकूड कुजू नये म्हणून मामंजींनी पुलाला छप्पर घातलं. त्यामुळे हिवाळ्यात आतल्या फळ्या कोरड्या राहायच्या आणि बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी बर्फगाड्या अडायच्या. म्हणून आधी मामंजी, मग तुमचा दादा ऑरिन बाहेरचा बर्फ आत पसरायचे. मोटारी आल्यावर गावानं ते बंद केलं. पण ऑरिनचं शेवटचं मागणं एवढंच होतं, की दफनभूमीत त्याला आपल्याच घोड्यांनी, आपल्याच बर्फगाडीतून न्यावं.

आज सकाळी मी फावडं घेऊन पुलावर गेले. शेजारची डेल्फीन हसली. "अगं थर्झा, छपराखाली बर्फ? उद्या स्वयंपाकघरातही टाकशील!"

"टाकेन. तिथूनही त्याला न्यायचं असेल तर."

ती घरून आपलं फावडं घेऊन आली. "नवऱ्यासारखीच हट्टी आहेस. सरक, ते टोक मी करते."

दुपारपर्यंत पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा झाला.

हे पत्र टाकत नाही. उद्या तुम्ही मोटार घेऊन याल, तेव्हा पुलाच्या तोंडाशी मी उभी असेन. मोटार अलीकडेच ठेवायची आणि आमच्या बर्फगाडीमागून चालत यायचं, हे मीच तुम्हाला सांगेन.

तुमची वहिनी,
थर्झा