उतारावरचे नऊ बांध

मी, न्याकिओ, कै. गिताउ यांची पत्नी, मुरांगा जिल्ह्यात राहणारी, वय सत्तरच्या आसपास, असे लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे, गुडघे सोडून बाकी शरीरही चालते, आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. लिहून घेणारे निवृत्त शिक्षक गाचोमो गुरुजी मधूनमधून "हे कायद्यात बसत नाही" म्हणतात, तरी मी सांगते तसेच लिहीत आहेत.

१. मुलगा मुइरुरी याला रस्त्याकडची जागा आणि चहाचा मळा त्याच्या वडिलांनी हयातीतच दिला. माझ्याकडून त्याला आणखी काही नाही. त्याच्या थोरल्या मुलीला आमच्या रीतीप्रमाणे माझे नाव ठेवले आहे, म्हणजे ती मीच. म्हणून रेडिओ, मोठे पातेले आणि शेळी मी माझी मलाच देते.

२. उताराची दोन एकर जमीन, नऊ बांधांसह, मुलगी वाइथिरा हिला. इथे गुरुजींचे पेन थांबले, म्हणून खुलासा करते.

हे बांध मी पहिल्यांदा अठराव्या वर्षी घातले. आठवड्यातून दोन दिवस सकाळी गोऱ्या साहेबाचा मुकादम शिट्टी वाजवून गावातल्या बायकांना उतारांवर बांध घालायला जुंपायचा. घरचे शेत तसेच पडून राही. एकदा आम्ही सगळ्याजणी नाचतगात कचेरीवर गेलो, "आता खणणार नाही" म्हणून सांगितले, आणि तीन दिवस कोठडीत बसूनही गातच राहिलो. पुढे साहेब गेला, देश आपला झाला, तेव्हा साहेबाची निशाणी नको म्हणून अख्ख्या गावाने बांध फोडले. माझ्या उतारावर पहिली कुदळ मीच मारली. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

एप्रिलच्या मोठ्या पावसात माझे शेत ओढ्याकडे निघाले आणि खालचा शेजारी किरागू याच्याकडे मुक्कामाला थांबले. मी टोपली घेऊन गेले.

"वहिनी, माती काय तुमचं नाव सांगते होय?"

"नाव नाही सांगत भाऊजी, पण तुमच्या केळी बघा. एका पावसात बाळसं धरलंय त्यांनी."

चार वर्षे मी कपाळाला पट्टा लावून पाठीवर माती वर वाहिली. दुसऱ्या वर्षी किरागू म्हणाला, "तुमच्या येण्याजाण्यात माझी रताळी तुडवली जातायत. मीच कुंपणापाशी आणून टाकतो." मग बांध पुन्हा घातले, त्यावर हत्तीगवत लावले. पहिले बांध साहेबाचे होते, हे माझे आहेत. एवढे कळायला एक अख्खा उतार घालवावा लागला, याचे मला अजून वाईट वाटते.

३. मुइरुरी म्हणतो, "आई, गोऱ्यांचे बांध किती दिवस सांभाळायचे? ट्रॅक्टर फिरवू, अव्होकाडो लावू."

"आणि माती गेली तर?"

"खत घालू की."

तो वाईट नाही, पण माझी माती वाहून गेली त्या वेळी तो पाळण्यात होता. वाइथिरा नवऱ्याचे घर सोडून आली त्याला अकरा वर्षे झाली. पाऊस आला की लोक घरात पळतात, ती कुदळ घेऊन बाहेर पळते. कुठल्या बांधाला पाणी कुठे फोडते ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळते. म्हणून जमीन तिची, आणि बांध मोडायचे नाहीत.

४. किरागूला मी साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे गुरुजी सांगतात. माझी निम्मी माती त्याने आधीच घेतली आहे, तेवढी त्याला पुरे. हे वाचून दाखवल्यावर तो खोकला येईपर्यंत हसला.

५. मुलीला जमीन देण्याची आमच्यात रीत नाही, हे मला ठाऊक आहे. मला पुरून आल्यावर कुळातले वडीलधारे बीअर पितापिता हा विषय काढतील. त्यांना मी कधी भ्यायले नाही. पण त्या दिवशी मी नसेन आणि वाइथिरा त्यांच्यापुढे एकटी उभी असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. याला कुठले कलम लावावे, ते गुरुजींनाही माहीत नाही.

ठिकाण : राहते घर. दिनांक : १४ मार्च १९९९.
न्याकिओ (डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार :
१. किरागू (सही)
२. मुइरुरी, मुलगा (सही). राग आला होता म्हणून चार दिवस सही केली नाही. वाइथिराकडे जमीन मागायला जे कोणी येतील, त्यांनी आधी माझ्या दारात यावे.