स्वतःलाच कापणारा रेणू

१२ ऑगस्ट, सोमवार

धीरज! त्याचंच काम आहे हे. चौथ्यांदा माझा आरएनए जसाच्या तसा. तुकडे वेगळे करून दाखवणाऱ्या जेलवर एकच पट्टा, कुठे कापलं गेल्याची खूण नाही. झाडे सर अख्ख्या लॅबसमोर म्हणाले, "वर्षाली, ज्याले कोणतं एन्झाइमही लागत नाई, तेही तुयाच्यानं होत नाई?" आणि धीरज, माझा सीनियर, दात काढून हसला.

१४ ऑगस्ट

माझी चूक नाहीच. या आरएनएला प्रथिनाची गरज नसते. तो स्वतःची घडी घालतो, घडीत एक खोबण तयार होते, ग्वानोसिन हा छोटा रेणू येऊन तिच्यात बसतो आणि मधल्या फालतू तुकड्याचा पहिला सांधा तोडतो. मग मोकळं झालेलं टोक पलीकडच्या सांध्यावर तुटून पडतं — फालतू तुकडा बाहेर, दोन्ही बाजू एकमेकींना जोडलेल्या! घडी टिकायला आणि कापायला फक्त मॅग्नेशियम हवं. तेही घातलंय मी. सॅम्पलच्या फ्रीजची किल्ली धीरज आणि मी, आम्हा दोघांकडेच असते. मग दुसरा कोण?

१७ ऑगस्ट

सरांकडे तक्रार दिली. लेखी. धीरज ओरडला, "मी काऊन खराब करीन तुये सॅम्पल? मले काय भेटते त्यातून?" डोळ्यात पाणी वगैरे — नाटकी! सरांनी त्याची किल्ली काढून घेतली, लॅबमध्ये यायचं नाही म्हणून सांगितलं. गेला गावी, आष्टीला. बरं झालं.

२१ ऑगस्ट

जुन्या बाटलीला धीरजचा हात लागला असेल, म्हणून सीलबंद डबा फोडून ताजं मॅग्नेशियम बनवलं. अर्ध्या तासात कापलं!! पट्टे स्वच्छ वेगळे. तो गेला आणि जमलं. आणखी काय पुरावा हवा?

२३ ऑगस्ट

दर दोन मिनिटांनी थोडा नमुना काढून त्यात जुन्या बाटलीतलं ईडीटीए टाकत होते. ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं, म्हणजे कापणं तिथेच थांबतं. थांबलंच नाही.

दोन्ही जुन्या बाटल्या तपासल्या. ईडीटीए लिहिलेल्या बाटलीत मॅग्नेशियम. मॅग्नेशियम लिहिलेल्या बाटलीत ईडीटीए. जुलैत एकाच दुपारी बनवलेल्या. लेबलांवर अक्षर माझं.

चारही वेळा मीच.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सरांनी विचारलं, "धीरजचा फोन आलता. घ्यायचं का त्याले परत?"

मी म्हटलं, "नको."