टोपी हलता कामा नये

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला विचारशील, तर कारण काहीच नाही, आणि तेच लिहायचं आहे. कामावरून येतो, हातपाय धुतो आणि बसून राहतो. तुझी वहिनी दोनदा कपाळाला हात लावून गेली. ताप नाही.

ताई, मी रॉकेटं बंद केली. तू ज्यांना भावाची पुठ्ठ्याची पोरं म्हणतेस ती. बावीस वर्षं हाताने नळ्या गुंडाळल्या, पंख घासले, टोकाच्या टोप्या रंगवल्या. आता मागच्या खोलीत गेलो की डिंकाच्या वासानेच नको वाटतं. झालं काही नाही. भांडण नाही, अपघात नाही. आमच्या रॉकेट क्लबने शाळेच्या कार्यक्रमासाठी शेहेचाळीस रॉकेटं मागितली, मी हो म्हणालो. शेहेचाळीस रॉकेटं म्हणजे एकशे चौऱ्याऐंशी पंख. त्यातला शेवटचा पंख घासताना मला कळलं की आपण दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरी येऊन पुन्हा ड्युटीच करतो. त्याआधी स्पर्धा, उंचीच्या नोंदी, कोणाचं किती मीटर गेलं त्याची वही. सगळं मीच मागून घेतलं होतं, तेव्हा ओरडू कोणावर?

क्लबचे कार्यवाह समजूत घालायला आले होते. म्हणाले, इंजिन विझल्यावरही रॉकेट बराच वेळ वरच जात असतं, तेव्हा धीर धरा. हे वाक्य मीच त्यांना कधीतरी भाषणात दिलं होतं. निदान तू तरी मला ते ऐकवू नकोस.

तर ठरलं आहे. वीस एप्रिलला कार्यवाह गाडी घेऊन येतील आणि अख्खं कपाट उचलून नेतील, हत्यारांसकट. खोली मोकळी होईल. वहिनी म्हणते, मग तिथे कपडे वाळत घालू. ती असं म्हणते, पण काल बघितलं तर कपाटावरची धूळ पुसून ठेवली होती.

तुझ्या गुडघ्याचं कळव. शिलाई मशीन पायाचं सोडून विजेचं घे, हे मी आता नवव्यांदा लिहितो आहे.

कळावे. मी असा मलूल असलो तरी लोभात कपात नको.

तुझा,
सुतळी


१५ फेब्रुवारी

चि. सुतळीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तू कोणाच्या तरी जाण्याची बातमी देतो आहेस.

समजूत घालायला मला येत नाही, ठाऊक आहे तुला. मीही एका वर्षी हॉटेलचे दोनशे दहा पडदे शिवले होते, सगळे एकाच करड्या रंगाचे. त्यानंतर चार महिने मला उशीचा अभ्रासुद्धा शिववेना. फरक इतकाच की माझं पोट त्यावर होतं, म्हणून परत बसले. तुझं पोट लिफ्टवर चालतं, त्यामुळे तुला परत बसवायला कोणी नाही. मी तरी कशी बसवू, एवढा लांब तू.

एक मागते. कार्यवाहांना सगळं देणारच आहेस, तर त्यातलं एक मला दे. अर्धवट पडलेलं, वाकडं, कोणी घेणार नाही असं. सोबत कसं जोडायचं ते लिहून पाठव. बावीस वर्षं तुझ्या पत्रांतून ऐकते आहे, एकदाही हातात घेतलं नाही. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना मी हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या की या वयात आगीशी खेळायचं असेल तर त्यांना घेतल्याशिवाय खेळायचं नाही. तेव्हा आम्ही दोघी आहोत.

आणि उगाच हसू नकोस. साठीच्या बाईला पुठ्ठा चिकटवता येतो.

गुडघा जिथे होता तिथेच आहे, मशीनही.

कळावे. माया नेहमीच्याच मापाची आहे, दोन बोटं सैल सोडून.

तुझी,
ताई


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल आजच टाकलं. नळी आहे, चार पंख कापलेले आहेत, टोपी आहे, दोन इंजिनं, उडवायची दांडी आणि बॅटरीची पेटी. पॅराशूट देत नाही, ते तू माझ्यापेक्षा चांगलं शिवशील. कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. बटण दाबताना पंधरा पावलं लांब उभं राहायचं आणि वर मोकळं आकाश हवं, हे दोनदा वाच.

माझं म्हणशील तर ठीक चाललं आहे. कामावर एका इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबायलाच तयार नाही, तिच्यामागे आहे. संध्याकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतो. वहिनीचं म्हणणं असं की ज्या माणसाला शब्दकोड्यात एकही शब्द येत नाही, त्याने ते रोज घेऊन बसणं बरं लक्षण नाही.

कळावे. लोभ चालू ठेवावा, देखभाल मी करीन.

तुझा,
सुतळी


१९ मार्च

चि. सुतळीस,
अ. उ. आ.

उडवलं.

आधी जोडणीचं सांगते. पंख सरळ लागावेत म्हणून मी खडूने रेघा मारल्या आणि टाचण्या लावल्या. नर्सबाई म्हणाल्या, पट्टी बांधताना त्यासुद्धा इतकी काळजी घेत नसत. पॅराशूट पडद्याच्या अस्तराचं शिवलं, पिवळं, कडेला दुहेरी शिलाई. मग तुझ्या कागदावर शेवटची ओळ होती, की टोपी बसव आणि ती हलता कामा नये. तशी मी बसवली. नळीच्या आतून गोल डिंक लावला, वर सुतळीने आवळून रात्रभर ठेवली. सकाळी नर्सबाईंनी ओढून पाहिली, त्यांच्याने निघाली नाही.

रविवारी सकाळी खेळाच्या मैदानावर गेलो. तिथे कोणी नव्हतं. पंधरा पावलं मोजून वीस केली. मी बटण दाबलं, आणि सुतळ्या, ते गेलं. मला वाटलं होतं फटाक्यासारखा मोठा बार होईल. तसं नाही, जाडं कापड एका हिसक्यात फाडावं तसा आवाज झाला. आमच्या दोघींच्या माना वर गेल्या त्या गेल्याच. वर एक पांढरी रेघ राहिली होती, ती हळूहळू वाकडी होत गेली. मला रडू का आलं ते विचारू नकोस.

पुढचं मात्र काही समजलं नाही. वर काहीतरी फट्ट झालं, इंजिन मागून बाहेर पडलं आणि रॉकेट तोंड खाली करून आलं ते थेट मैदानाच्या कडेच्या वाळूच्या ढिगात. हातभर आत रुतलं. माझं पिवळं पॅराशूट आत घडी करून जसंच्या तसं. टोपी मात्र जागची हलली नव्हती. माझं काही चुकलं का?

एक विचारायचं राहिलं. तू इतकी वर्षं उडवतोस, किती मीटर गेलं ते दर पत्रात लिहितोस. त्या पांढऱ्या रेघेबद्दल कधी का लिहिलं नाहीस?

कळावे. इकडचा जीव तुझ्यात अडकलेला आहे, तो हिसक्याने ओढू नये.

तुझी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाम फुटला, मग इतका हसलो की वहिनी हातातलं काम टाकून आली. तिला वाचून दाखवलं, ती खुर्चीतच बसली.

ताई, टोपी निघायलाच हवी. वर पोचल्यावर आतला दाब टोपीला ढकलतो, टोपी सुटते आणि मागून पॅराशूट बाहेर येतं. टोपी हलता कामा नये म्हणजे वर जाईपर्यंत डुगडुगू नये, एवढंच. तुझ्या भाषेत सांगायचं तर टोपीला कच्चा टाका घालायचा असतो, तू पक्की शिवण घातलीस. वीस पावलांवर होतात हे नशीब. नर्सबाईंना माझा नमस्कार सांग आणि माझ्यातर्फे माफी माग.

कारण चूक तुझी नाही. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगत आलो, की टोपीला डिंक नाही. बावीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. तुझा कागद मात्र मी शब्दकोडं सोडवता सोडवता लिहिला. लवकर उरकावा म्हणून. माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात दारूचं इंजिन देताना. हे लक्षात आल्यापासून मला स्वतःची लाज वाटते आहे. कपाट द्यायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं की कंटाळ्याने फक्त माझंच नुकसान होतं.

आणि त्या रेघेचं. मी खूप आठवून पाहिलं. ताई, मी ती गेली कित्येक वर्षं बघितलेलीच नाही. बटण दाबलं की माझे डोळे हातातल्या घड्याळावर असतात, सेकंद मोजायला. मग वहीत. मग खाली कुठे पडलं ते शोधायला. वर बघायचं राहूनच गेलं.

दुसरं इंजिन तुझ्याकडे आहे ना? त्याला हात लावू नकोस. पाच एप्रिलला मी येतो.

कळावे. लोभ ठेव, आणि डिंकाची बाटली लपवून ठेव.

तुझा,
सुतळी


९ एप्रिल

चि. सुतळीस,
अ. उ. आ.

घरी परत पोचल्याचं कळवलं नाहीस, पण वहिनीचा फोन आला. घरात शिरल्या शिरल्या जेवायच्याही आधी मागच्या खोलीत गेलास म्हणाली. मी तिला म्हटलं, काही विचारू नकोस.

तू गेल्यावर नर्सबाई आणि मी पुन्हा मैदानाच्या भिंतीपलीकडे शोधून आलो. तू नवी नळी लावून उडवलेलं रॉकेट नाहीच. माझं पॅराशूट एवढं मोठं झालं की वाऱ्याबरोबर त्याने मैदान सोडलं, भिंत सोडली, कारखान्याचं छप्पर सोडलं, आणि गेलं कुठे कोण जाणे. तू सांगितलं होतंस की पॅराशूट वीतभरच हवं. मी म्हटलं, कापड शिल्लक आहे तर कंजूषपणा कशाला. आता कोणाच्या तरी अंगणात पिवळं अस्तर पडलं असेल आणि ते लोक पडदा कोणाचा म्हणून विचारत असतील.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तू वर बघत होतास, मी तुझ्याकडे. तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबकळत. पिवळा ठिपका छपरापलीकडे गेला तरी तू मान खाली केली नाहीस. नर्सबाईंनी मला हळूच विचारलं, यांना चक्कर तर येत नाही ना. मी म्हटलं, नाही, हा लहानपणी असाच दिसायचा. किती मीटर गेलं ते आपण तिघांपैकी कोणीच बोललं नाही. बावीस वर्षांचं सोड, मला तुझी ही दोन मिनिटं फार आवडली, आणि हे तोंडावर सांगायची लाज वाटली म्हणून लिहिते आहे.

कपाटाचं तुझं तू बघ. द्यायचं असेल तर दे. मी काही म्हणणार नाही.

कळावे. मायेचा धागा लांब सोडला आहे, लागेल तेवढा ओढून घ्यावा.

तुझी,
ताई


२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळी कार्यवाह गाडी घेऊन आले. मी त्यांना उंचीच्या वह्या दिल्या, सेकंदाचं घड्याळ दिलं, स्पर्धेचे कप दिले आणि जास्तीचे उरलेले सदतीस पंखही. ते गाडीतल्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, कपाट कुठे आहे. मी म्हटलं, कपाट जागेवर आहे. शाळेच्या पुढच्या कार्यक्रमाचंही विचारत होते. मी नाही म्हणालो. ताई, नाही म्हणायला इतका कमी वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं.

तर आता सांगायचं म्हणजे, तुझ्या पॅराशूटवरून एक सुचलं आहे. ते मोठंच ठेवायचं, पण मधोमध एक भोक पाडलं तर वारा त्यातून निसटेल आणि ते सरळ खाली येईल. किती मोठं भोक पाडायचं ते

सौ. वन्संना,
सप्रेम नमस्कार.

वरचं अक्षर जिथे थांबलं तिथे हे उठले. एक गोष्ट बघून येतो म्हणाले. त्याला आता दोन तास होतील. पेन उघडंच होतं, म्हणून म्हटलं मीच पुरं करावं.

मध्ये एकदा मी मागच्या खोलीच्या दारातून डोकावले. हे जमिनीवर मांडी घालून बसले आहेत, समोर माझ्या नव्या पडद्याचं अस्तर, आणि त्याला मधोमध एक भोक. मला न विचारता कापलं, वन्सं. मी रागवायचं ठरवून आत गेले होते. तेवढ्यात ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणायला लागले, तेव्हा मी दार ओढून परत आले.

आत्ता हाक मारून विचारलं, ताईंना पत्रात शेवटी काय लिहू. आतून म्हणाले, तिला लिही, माझे हात चिकटलेत.

आपली,
वहिनी